चाकू कुणाचा?

पुस्तक वाचता वाचता मध्येच मिटून टाकावंसं तुम्हांला कधी वाटलंय? कंटाळा आला म्हणून नव्हे हं, छातीत धडधड झाली म्हणून! माझं तसं झालं होतं.

सहावीची परीक्षा संपवून मी आजोळी गेलो होतो. तिथं ‘टॉम सॉयर’ हाती लागलं. मार्क ट्वेन यांचं, १८७६ साली प्रसिद्ध झालेलं. अमेरिकेत मिसिसिपी नदीकाठी एक छोटंसं गाव. लेखक स्वतः तशाच एका गावात, हॅनिबलमध्ये, वाढला. तर टॉम आणि हक ही दोन पोरं मध्यरात्री कबरस्तानात जातात. कशाला? मेलेलं मांजर नेऊन चामखीळ घालवायला! हसू नका, आपल्याकडे का असले उपाय कमी आहेत?

तिथं डॉक्टर रॉबिन्सन, ज्यो आणि दारुडा मफ पॉटर एक प्रेत उकरून न्यायला आलेले असतात. भांडण जुंपतं. पॉटर डोक्यात फटका बसून बेशुद्ध पडतो. ज्यो पॉटरचाच चाकू उचलून डॉक्टरांना भोसकतो आणि तो हळूच पॉटरच्या हातात ठेवून देतो. शुद्धीवर आल्यावर बिचाऱ्या पॉटरलाही वाटतं, खून आपणच केला!

गावाला तेवढं पुरे होतं. चाकू पॉटरचा, पॉटर दारुडा, झालं!

खरं काय ते फक्त दोन मुलांना ठाऊक. पण ज्योच्या धाकानं त्यांनी गप्प राहण्याची शपथ घेतलेली, तीही रक्तानं सही करून. मन खातं म्हणून ती तुरुंगाच्या खिडकीतून पॉटरला तंबाखू नि काड्या देतात. पॉटर गहिवरतो. गावातल्या पोरांचे पतंग तो दुरुस्त करून द्यायचा, मासे कुठं लागतात ते दाखवायचा. आता सगळे त्याला विसरलेले, हीच दोघं तेवढी आली! टॉमला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

इथं मी पुस्तक मिटलं.

कारण मला आमच्या शाळेतले शिपाईमामा आठवले. आमच्या सायकलींच्या चेन पडल्या की तेच बसवून द्यायचे. त्या वर्षी बाईंच्या टेबलाच्या खणातून सहलीचे साठ रुपये गेले. वर्गाची किल्ली मामांकडे, म्हणून संशय मामांवर. त्यांच्या पगारातून पैसे कापले गेले. पैसे घेणारा मुलगा मी दाराच्या फटीतून पाहिला होता. “बोललास तर बघ!” एवढंच तो म्हणाला. मी नाही बोललो.

दुसऱ्या दिवशी पुस्तक पुन्हा उघडलं. टॉम कोर्टात उभा राहतो. ज्यो समोरच असतो. टॉमच्या तोंडून आधी शब्दच फुटत नाही. पण तो सांगतो! ज्यो खिडकीतून उडी टाकून पसार होतो. (पुढचं पुस्तकातच वाचा.) त्यानंतर टॉमच्या रात्री भीतीत जातात, बरं का. कौतुक होतं, पण ज्यो मोकळाच असतो ना!

जूनमध्ये शाळा उघडली. पहिल्याच दिवशी मी बाईंना सगळं सांगितलं. मामांचे पैसे त्यांना परत मिळाले. मला वाटलं, आता ते पाठ थोपटतील.

मामांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. “ठाऊक होतं तुला?” म्हणाले, आणि मधल्या सुट्टीची घंटा द्यायला निघून गेले.