पॅटनसमोर पीथमपूरकर

माळव्यातल्या पीथमपूरची माणसं गाड्यांच्या संगतीत वाढलेली. ट्रक, टेम्पो, गिअरबॉक्स, चासी हे इथल्या घरात ताटावर बसूनही चालणारे विषय. नव्या गाड्यांचा वेग जोखायला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा ट्रॅकही इथेच आहे. अशा गावातलं एखादं मराठी कुटुंब शिरडीला निघतं ते मानपूरचा घाट उतरून, सेंधवा, धुळे, मनमाड करत. दर्शन झालं, हाताशी एखादा दिवस उरला, की काही मंडळी राहुरीवरून पुढे अहिल्यानगर गाठतात. माळव्यातल्या मराठी माणसाला हे शहर परकं वाटत नाही. अहिल्याबाईंचं माहेर चौंडी याच जिल्ह्यातलं, आणि त्यांचं महेश्वर तर पीथमपूरकरांच्या सुट्टीच्या दिवसाचं ठिकाण.

तिथे भिंगारच्या लष्करी भागाजवळ रणगाड्यांचं संग्रहालय आहे. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलनं उभारलेलं हे संग्रहालय फेब्रुवारी १९९४ मध्ये तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल बिपिनचंद्र जोशी यांच्या हस्ते सुरू झालं. जोशी स्वतः रणगाडा दलातले. पसारा फार मोठा नाही. झाडं, हिरवळ, मधून वाटा, आणि दोन्ही बाजूंना उघड्या आभाळाखाली पोलादी धुडं.

आत शिरल्याबरोबर पोरं धावत सुटतात आणि सर्वांत लांब नळीची तोफ शोधतात. मोठ्यांची चाल मात्र ज्याच्या त्याच्या धंद्याप्रमाणे ठरते. पीथमपूरच्या कारखान्यात हयात घालवलेला फिटर नळीकडे बघतही नाही. तो वाकून चाकं मोजतो, पट्ट्याच्या कड्या न्याहाळतो, रिव्हेट कुठे आहे आणि वेल्डिंग कुठे, ते बोट ठेवून नातवाला दाखवतो. रोल्स-रॉइसच्या सिल्व्हर घोस्ट गाडीवर चिलखत चढवून केलेली इथली जुनी मोटार त्याला हलू देत नाही. संस्थानिकांच्या ऐटीची ती चासी एवढं वजन पेलून वाळवंटात कशी पळाली असेल, हा प्रश्न तो बराच वेळ घोळवतो. आणि हाच तर या जागेचा मोठा गुण. युद्धाचा इतिहास पाठ केलेला नसला तरी चालतं. आपल्याला जे काम येतं, त्या कामाच्या डोळ्यांनी इथे युद्ध वाचता येतं.

जपानी हा-गो रणगाडा त्यासाठी नीट बघावा. दुसऱ्या महायुद्धातला, जेमतेम साडेसात टनांचा, तीन माणसांचा. चिलखताची जाडी जास्तीत जास्त १२ मिलिमीटर. वरच्या बुरुजात एकच माणूस. रस्ता त्यानंच बघायचा, हुकूम त्यानंच द्यायचे, तोफ त्यानंच भरायची आणि डागायचीही त्यानंच. ब्रिटिशांच्या चर्चिल रणगाड्याच्या नंतरच्या नमुन्यात समोरचा पत्रा १५२ मिलिमीटरचा, आणि आत पाच माणसं. हे दोन आकडे शेजारी ठेवले, की पत्रा कापणाऱ्या माणसाला वेगळं काही सांगावं लागत नाही. किती पोलाद द्यायचं हे ठरवताना माणसाच्या जिवाची किंमतही ठरत होती.

शेर्मन क्रॅबपाशी तर घोळकाच असतो. समोर आडवा रूळ, त्याला लोंबणाऱ्या जड साखळ्या. रूळ फिरला की साखळ्या जमीन झोडपत जायच्या आणि पेरलेले सुरुंग पुढेच फुटायचे. ज्या जिल्ह्यात हे यंत्र उभं आहे, त्याच जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनिओ नदीवर होते. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीतले साधे शिपाई. जखमी सोबत्याला उचलून ते खोल पाण्यातून, निसरड्या काठावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून पायी चालत गेले, आणि दुसऱ्या जखमीसाठी पुन्हा तसेच परत आले. त्यानंतर शत्रूच्या मशीनगनच्या ठाण्यांवर चालून गेले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. साखळ्यांपाशी उभ्या असलेल्या पोरांना ही गोष्ट कुणीतरी सांगायलाच हवी.

सर्वांत जास्त फोटो निघतात ते पॅटन रणगाड्यासमोर. १९६५ च्या सप्टेंबरात, ८ ते १० तारखेच्या दरम्यान, खेमकरणजवळ असल उत्तरला पाकिस्तानचे पॅटन पाणी सोडलेल्या शेतांत रुतले आणि उसाआड दबा धरलेल्या भारतीय तोफांच्या टप्प्यात आले. या लढाईत त्यांचे ९७ रणगाडे गेल्याचं सांगतात. जीपवरच्या तोफेनं पॅटन टिपत टिपत भारतीय जवान अब्दुल हमीद तिथेच पडले. त्यांना परमवीरचक्र मिळालं, मरणोत्तर.

आणि सेंच्युरियन. १६ सप्टेंबर १९६५ ला पूना हॉर्सचे लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर याच जातीच्या रणगाड्यावर धारातीर्थी पडले. त्याआधी जखमी होऊनही त्यांनी मागे जायला नकार दिला होता. सहा वर्षांनी, १६ डिसेंबर १९७१ ला, बसंतरच्या लढाईत त्याच रेजिमेंटचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, जन्म पुण्याचा, वय २१. रणगाडा पेटला होता, तो सोडण्याचा हुकूम आला. तोफ अजून चालते आहे, असं कळवून ते आतच राहिले. त्यांचा तो ‘फामागुस्टा’ दुरुस्त करून याच शहरात, आर्मर्ड कोअर सेंटरमध्ये जपलेला आहे. २००१ मध्ये त्यांचे वडील पाकिस्तानात गेले, तेव्हा त्यांचा पाहुणचार करणाऱ्या तिथल्या निवृत्त ब्रिगेडियरनं सांगितलं, की तुमच्या मुलावर शेवटचा गोळा मीच डागला होता. हे ऐकल्यावर आईबापांचा हात आपोआप पोरांच्या खांद्यावर जातो.

निघता निघता आमचे फिटरकाका विजयंतापाशी अडकतात. मद्रासजवळच्या आवडी इथल्या कारखान्यात बांधलेला, १९७१ मध्ये लढलेला हा रणगाडा. रचना ब्रिटिश व्हिकर्सची, पण हात आपल्या कामगारांचे. त्याचं लेलँड इंजिन मोठं चमत्कारिक : सिलिंडर सहा आणि पिस्टन बारा, एकेका सिलिंडरमध्ये समोरासमोर दोन. नातवाला हे पटत नाही. मग काका पार्किंगमधल्या धुळीत काडीनं सिलिंडर काढतात, दोन पिस्टन काढतात, मध्ये डिझेल कुठून येतं ते दाखवतात. गाडीचा ड्रायव्हरही उतरून बघायला येतो, आणि राहुरी मागे पडेपर्यंत गाडीत तेवढाच विषय चालतो.