टोपी आणि चेहरा

फोटोतलं पांढरं उडालं की फोटो गेला, असं मी बरीच वर्षं मानत आलो. कॅमेऱ्याच्या पडद्यावर जास्त उजळलेला भाग लुकलुकायला लागला की हात आपोआप एक्स्पोजर कमी करायचा. शिकायला येणाऱ्या मुलांनाही मी हेच सांगायचो. सेन्सर एकदा भरला की तिथे नोंदच उरत नाही, रॉ फाइलमध्येसुद्धा. सावली मात्र नंतर कधीही उचलता येते. यातलं पहिलं आजही खरं आहे. दुसरं मी कधी तपासूनच पाहिलं नव्हतं.

ओळखीचे एक वारकरी आजोबा गेले, तेव्हा घरच्यांनी त्यांचा मोठा फोटो मागितला. तो मी दिवे घाटात काढला होता, भर दुपारी. ऊन डोक्यावर, पांढरी टोपी, पांढरा सदरा, मागे लख्ख आभाळ. टोपीची वीण दिसावी म्हणून मी दोन स्टॉप खाली आलो होतो. चेहऱ्यावर साचलेला अंधार संगणकावर उचलला आणि प्रिंट नेऊन दिली. सून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "अण्णा तेव्हाही इतके आजारी दिसायचे का हो?"

मला उत्तर देता आलं नाही. उन्हानं रापलेला तो तांबूस चेहरा प्रिंटवर राखेच्या रंगाचा झाला होता, गालांवर रंगीत कण होते. टोपीचा धागा न् धागा दिसत होता, आणि त्या घरात टोपीकडे कुणी बघत नव्हतं. मी माणसापेक्षा त्याच्या टोपीला जपलं होतं आणि त्यालाच कसब म्हणत होतो. घरी येऊन जुने फोटो काढून बसलो, तेव्हा आणखी बोचलं. गोऱ्या चेहऱ्यांवर माझी ही सवय खपून गेली होती. सावळे चेहरे तेवढे मी मळवून ठेवले होते.

कारण साधं आहे. 14 बिटच्या फाइलमध्ये उजेडाच्या 16,384 पायऱ्या असतात, त्यातल्या निम्म्या सगळ्यात वरच्या एका स्टॉपमध्येच जातात. पुढच्या प्रत्येक स्टॉपला आधीच्याच्या निम्म्या. पाचव्याच्या वाट्याला 512 येतात, आणि मुळात तिथे प्रकाशही थोडाच पोचलेला असतो. उचलणार तरी काय?

आता मी स्पॉट मीटरने आधी चेहरा मोजतो. मागचं आभाळ पांढरं झालं तर होऊ देतो. जमेल तिथे माणसाला झाडाखाली किंवा ओसरीवर घेतो, समोरून थर्माकोलची शीट धरायला लावतो. भर उन्हात फ्लॅश मारणं मला पूर्वी बटबटीत वाटायचं, तोही आता हलकासा वापरतो. कपाळ आणि नाकाचा शेंडा मात्र अजूनही राखतो. उन्हात त्वचेचा लाल चॅनल सगळ्यात आधी भरतो आणि तिथे पिवळट डाग पडतो, म्हणून हिस्टोग्राममध्ये लाल वेगळा बघतो.

अण्णांची मूळ फाइल मी पुन्हा उघडली. टोपी उडू दिली, आभाळ जाऊ दिलं. चेहऱ्याचा रंग काही आला नाही. सुनेला दुसरी प्रिंट देईन म्हणालो होतो. अजून दिलेली नाही.