पाण्याने गेले, बसने परतले

विरारहून डहाणू लोकल सुटली की पहिलं स्टेशन वैतरणा. पुढे खाडीवरचे पूल लागतात. मधल्या वाढीव बेटावरची माणसं गाडी पकडण्यासाठी वर्षानुवर्षं या रेल्वेपुलांवरून पायी चालत आली आहेत. 1 सप्टेंबर 1928 रोजी याच मार्गाने फ्रंटियर मेल सुरू झाली. मुंबईत बसलेला उतारू दिल्ली, अमृतसर, लाहोर, रावळपिंडी करत थेट पेशावरला उतरायचा. फाळणीनंतर गाडी अमृतसरलाच थांबू लागली. 1996 मध्ये तिचं नाव गोल्डन टेंपल मेल झालं. आजही ती वैतरणेच्या खाडीवरून जाते.

अमृतसरहून लाहोर जेमतेम 50 किलोमीटर. पण मध्ये अटारी-वाघा सरहद्द आहे. फेब्रुवारी 1999 मध्ये दिल्ली-लाहोर बस सुरू झाली. पहिल्या बसमधून पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी गेले. संसदेवरच्या हल्ल्यानंतर ती बंद पडली, जुलै 2003 मध्ये पुन्हा सुरू झाली आणि ऑगस्ट 2019 पासून पुन्हा बंद आहे.

आपल्या पालघर जिल्ह्यातले काही जण मात्र पासपोर्ट-व्हिसा नसताना ही सरहद्द ओलांडून आले आहेत. डहाणू-तलासरीतले अनेक आदिवासी तरुण पावसाळा सरत आला की खलाशी म्हणून ओखा, पोरबंदर, वेरावळच्या बोटींवर जातात. घरात उचल आलेली असते, तिच्यावरच चूल पेटते. कच्छपलीकडे सर क्रीकजवळची सागरी हद्द दोन्ही देशांत अजून ठरलेली नाही, आणि पाण्यावर कुंपण नसतं. मासळीमागे गेलेली बोट पाकिस्तानी गस्ती नौकेच्या हाती लागली की खलाशाचा मुक्काम कराचीच्या मलीर तुरुंगात. पाकिस्तानचे मच्छीमारही असेच आपल्याकडच्या तुरुंगात पडतात.

समुद्राने गेलेला हा माणूस परततो मात्र जमिनीवरून. कराचीहून लाहोर सुमारे 1200 किलोमीटर. तिथवर रेल्वे, पुढे वाघ्यापर्यंत बस. सुटलेल्यांच्या प्रवासाची आणि जेवणखाणाची सोय अनेकदा ईधी फाउंडेशनने केली आहे. तिचे संस्थापक अब्दुल सत्तार ईधी हे मूळचे जुनागढजवळच्या बांटव्याचे, फाळणीत कराचीला गेलेले. फाटकाशी बस थांबते आणि शेवटची काही पावलं पायी टाकायची असतात. पासपोर्टऐवजी हातात भारतीय उच्चायुक्तालयाने दिलेला तात्पुरता परवाना असतो. अलीकडे सीमा सुरक्षा दलाचे जवान, डॉक्टरांची तपासणी, मग अमृतसरहून रेल्वेने गुजरात. मे 2023 मध्ये असे 198 मच्छीमार परतले, त्यांत महाराष्ट्रातलेही होते.

खरा अडथळा अंतराचा नाही. 2008 च्या करारानुसार दोन्ही देश दर 1 जानेवारी आणि 1 जुलैला एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या देतात. शिक्षा संपली आणि नागरिकत्वाची खात्री पटली की महिन्याभरात सुटका व्हावी, असंही त्यात लिहिलं आहे. प्रत्यक्षात शिक्षा भोगून झालेली माणसं वर्षानुवर्षं आत राहतात, कारण सुटकेची बस दोन्ही सरकारांचे संबंध बघून निघते. पहलगामच्या हल्ल्यानंतर एप्रिल 2025 मध्ये अटारीची चौकीही बंद झाली. तोवर पाड्यावरची बायको मजुरीला जाते आणि लेकरं बापाचा फोटो ओळखायला शिकतात. सूरह दहरमध्ये गरीब आणि अनाथाच्या जोडीने कैद्याचाही उल्लेख आहे. तो कैदी कोणत्या धर्माचा, कोणत्या देशाचा, हे तिथे विचारलेलं नाही.

नागरिकत्वाची चौकशी फिरून शेवटी गावच्या घरीच येते. म्हणून आपल्या ओळखीतलं कुणी बोटीवर निघालं, तर त्याच्या आधार कार्डाची आणि खलाशी ओळखपत्राची प्रत, बोटीचा नोंदणी क्रमांक आणि मालकाचा फोन नंबर घरात ठेवायला सांगा. घरातल्यांना लिहिता-वाचता येत नसेल, तर तो कागद आपणच लिहून द्यावा.