मृत्युपत्राचे साक्षीदार समोरच हवेत

चि. निखिल यास,


व्हर्जिनियात कॅमेऱ्यासमोर बसून नोटरी करून घेण्याची सोय २०१२ पासून आहे. मग तुझ्या आईवडिलांची, म्हणजे दादा-वहिनींची, मृत्युपत्रे आणि तुझ्या नावाचे मुखत्यारपत्र ही सगळी कामे व्हिडिओवर का उरकू नयेत, असे तू विचारतोस. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याने २००० साली हे दोन्ही दस्त इलेक्ट्रॉनिक व्यवहारांतून वगळले. २०२२ मध्ये बँकांसारख्या नियंत्रित वित्तसंस्थांना दिलेल्या मुखत्यारपत्रांपुरती वाट मोकळी झाली. मृत्युपत्राची झाली नाही. हा भेद मला योग्य वाटतो. मुखत्यारपत्र देणारा माणूस हयात असतो. शंका आली तर तो दिलेला अधिकार काढून घेतो, हिशेब मागतो. तो गेला की ते पत्रही संपते. मृत्युपत्र मात्र त्याच्या पश्चात अमलात येते, आणि 'ही तुमचीच इच्छा होती का?' हे विचारायला तेव्हा कोणी उरलेले नसते. म्हणून मुखत्यारपत्राची प्रक्रिया जरूर ऑनलाइन व्हावी. मृत्युपत्राची होऊ नये.

तू म्हणशील, चित्रफितीइतका भक्कम पुरावा दुसरा कोणता? पण वादात बहुधा सही कोणाची होती यापेक्षा ती मोकळ्या मनाने झाली का, हे ठरवायचे असते. १९५९ च्या वेंकटाचल अय्यंगार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, ज्याला लाभ होतो त्यानेच मृत्युपत्र करवून घेण्यात पुढाकार घेतला असेल, तर त्यातून येणारा संशय त्याने दूर केला पाहिजे. कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर कोण बसले आहे आणि फोन कोणी लावून दिला, हे पडद्यावर दिसत नाही. शिवाय अमेरिकेत अशा चित्रफिती जपण्याचे बंधन राज्याप्रमाणे साधारण पाच ते दहा वर्षांचे असते. साठीत केलेले मृत्युपत्र पंचवीस वर्षे उलटल्यावरही उघडले जाऊ शकते. समोर बसलेले साक्षीदारही खोटे बोलू शकतात, हे खरे. पण त्यांची उलटतपासणी होते, आणि मृत्युपत्र सिद्ध करायला हयात असलेल्या किमान एका साक्षीदाराला बोलवावेच लागते. इंग्लंडनेही करोनाकाळात व्हिडिओवरून साक्ष चालवून घेतली. ती सवलत ३१ जानेवारी २०२४ ला संपली.

अंथरुणाला खिळलेल्या, मुले परदेशी असलेल्या वृद्धांचे काय, हा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. पण कायदा त्यांच्याकडून फार थोडे मागतो.  महाराष्ट्रात मृत्युपत्राला नोटरी लागत नाही, मुद्रांक लागत नाही, नोंदणीही ऐच्छिक आहे. भारतीय वारसा कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे दोन साक्षीदार पुरतात आणि ते एकाच वेळी हजर असण्याचीही सक्ती नाही. सबळ कारण असेल तर नोंदणी अधिकारी घरी येऊ शकतो. ज्यांना काहीच मिळणार नाही असे शेजारी, शक्य तर एक डॉक्टर, एवढी माणसे जमवणे अवघड नाही. चित्रीकरण हवे तर जोडीला ठेव, पण साक्षीदारांच्या जागी नको.

म्हणून मुखत्यारपत्र तू म्हणतोस तसे सुटसुटीत व्हावे, अशी मागणी तुम्ही परदेशस्थांनी जरूर करा. वकिलातीतील साक्षांकन किंवा अपोस्टिल प्रमाणपत्र, मग भारतात पोहोचल्यावर तीन महिन्यांत मुद्रांक, ही धावपळ कमी झालीच पाहिजे. दादा-वहिनींच्या मृत्युपत्रांपासून मात्र तू दूर राहा: मसुदा त्यांचा, साक्षीदार त्यांचे. उद्या कोणी शंका घेतली, तर तुझा हा अलिप्तपणाच त्यांच्या इच्छेच्या बाजूने उभा राहील.

तुझा,
काका