पास फक्त पाहुण्यांना

बडोद्याच्या प्रतापनगर भागातले, रेल्वे कॉलनीतले कोणी इथे असतील तर त्यांना 'पास' म्हणजे काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. आमचे हे डभोईच्या नॅरोगेजवर गार्ड होते. ही लाईन म्हणजे गायकवाड सरकारची. 1862 मध्ये डभोई ते मियागाम रूळ पडले तेव्हा सुरुवातीला डबे चक्क बैल ओढायचे! रेल्वेच्या नोकरीत वर्षाला पासाचे तीन सेट मिळायचे. एक सेट देवाला, एक माझ्या माहेरी इंदूरला आणि तिसरा कोणाच्या लग्नकार्यासाठी राखून ठेवलेला. पासावर कुटुंबाची नावं असायची. आमच्या एकुलत्या एका लेकीने कॉलेजला जाईपर्यंत लांबच्या गाडीचं तिकीट पैसे देऊन काढलंच नव्हतं.

तीच लेक आज तोक्योत आहे. निशी-कासाई नावाच्या भागात राहते. तिथे आपली माणसं खूप. तो एदोगावा वॉर्ड, जिथे 2019 साली योगेंद्र पुराणिक हे आपले मराठी गृहस्थ वॉर्डाच्या सभेवर निवडून आले. 2023 च्या सप्टेंबरात तिचा फोन आला, "आई, रेल्वे पासाची किंमत ऑक्टोबरपासून वाढतेय. यायचं असेल तर आत्ताच घेऊन टाका, तीन महिन्यांत कधीही बदलून घेता येतो." सात दिवसांचा पास 29,650 येनचा होता, तो 50,000 चा होणार होता. आपल्या रुपयांत साडेसोळा हजारांचा अठ्ठावीस हजार. बडोद्यात जन्म काढलेला माणूस अशी संधी सोडतो होय! चार दिवसांत ट्रॅव्हलवाल्याकडून दोन पास घेतले.

हातात येतो तो पास नसतो बरं का, ती नुसती चिठ्ठी. जपानला पोचल्यावर मोठ्या स्टेशनवर रेल्वेच्या काउंटरला पासपोर्ट आणि ती चिठ्ठी द्यायची. ते पासपोर्टवर 'टेम्पररी व्हिजिटर' असा शिक्का किंवा स्टिकर आहे का ते बघतात, कोणत्या तारखेपासून वापरणार ते विचारतात आणि मग तिकिटाएवढा एक पास देतात. तो गेटच्या मशीनमध्ये घालायचा आणि पलीकडून उचलायचा. हरवला तर दुसरा मिळत नाही. ह्यांनी तो शर्टाच्या आतल्या खिशात ठेवला आणि सात दिवस दर तासाला खिसा चाचपला.

काउंटरवर लेक आमच्या शेजारीच उभी होती. हे म्हणाले, "तुझा पण काढ ना."

ती हसली. "बाबा, मला नाही मिळत. मी इथे राहते."

ह्यांना ते पटेना. तिचाही पासपोर्ट भारताचाच की! तेव्हा तिने नियम समजावून सांगितला. जो थोड्या दिवसांसाठी फिरायला येतो त्यालाच हा पास. दहा वर्षं परदेशात राहिलेला जपानी माणूस तसे कागद दाखवून हा पास घेऊ शकतो, पण तोक्योत घर असलेली बडोद्याची मुलगी नाही घेऊ शकत. म्हणजे पासपोर्ट कोणता एवढ्यावर ते ठरत नाही. तुमचं घर कुठे आहे ते बघतात.

सगळ्यात गंमत म्हणजे तिच्या घराजवळच्या स्टेशनवर आमचा पास चालतच नव्हता. निशी-कासाई मेट्रोच्या तोझाई लाईनवर आहे आणि हा पास जेआर कंपन्यांच्या गाड्यांचा. एक हजार किलोमीटर फुकट जाता येईल, पण लेकीच्या दारापासून तोक्यो स्टेशनपर्यंत सुट्टे पैसे मोजायचे!

तिला तीनच दिवस रजा होती, म्हणून तिच्याबरोबर हिरोशिमाला गेलो. तिचं जायचं-यायचं तिकीट मिळून जवळपास 38 हजार येन झालं. आमचा आठवड्याचा पास त्याहून स्वस्त. हे तिथेच खिडकीवर कुरकुरले, "टॅक्स तू भरतेस आणि सवलत आम्हाला? हा कुठला न्याय?"

नोझोमी ही सगळ्यात जलद गाडी नुसत्या पासात येत नाही, म्हणून हिकारीने निघालो. शिंकानसेनमध्ये एका बाजूला तीन आणि एका बाजूला दोन सीट असतात. फुजी पर्वत दोनच्या बाजूला दिसतो, म्हणून तिने आम्हाला तिथे बसवलं आणि स्वतः मधली वाट सोडून पलीकडच्या सीटवर बसली. तिकीट तपासायला आलेला कंडक्टर डब्यात शिरताना वाकला आणि डब्यातून जाताना मागे वळून पुन्हा वाकला. ह्यांनी सीटवर बसल्या बसल्या उलट नमस्कार केला. प्लॅटफॉर्मवर तिथले कर्मचारी बोट दाखवून, मोठ्याने बोलून सगळं तपासतात ते पाहून तर हे हरखलेच. "बघ, आम्ही पण सिग्नल असेच पुकारायचो," असं दिवसातून पाच वेळा ऐकलं. एकच गोष्ट त्यांना खटकली. डब्यातून खाण्यापिण्याची ढकलगाडी फिरायची ती आम्ही जायच्या थोडेच दिवस आधी, ऑक्टोबरअखेर बंद झाली होती. चहा नाही! मग प्लॅटफॉर्मवरच्या मशीनमधून घेतलेली कॉफी आणि घरचे थेपले-छुंदा.

फुजी दिसून गेला आणि थोड्या वेळाने लेक म्हणाली, "आई, पुढच्या वर्षी मला इथे दहा वर्षं होतील. पर्मनंट रेसिडेन्सीचा अर्ज करणार आहे."

गाडी ताशी 285 च्या वेगाने चालली होती आणि हातातल्या कपातली कॉफी हलतसुद्धा नव्हती. मी "बरं" म्हणाले. ह्यांनी थेपल्याचा डबा बंद केला, परत उघडला. कोणी पुढे बोललं नाही. शिन-ओसाकाला उतरून साकुरा पकडायची होती, त्या गडबडीत विषय तिथेच राहिला. साकुरात दोन्हीकडे दोन-दोनच सीट, छान रुंद. पण माझं लक्ष कशातच नव्हतं. ती गेली तेव्हा 'तीन-चार वर्षांत येते' म्हणाली होती, आणि दर वर्षी दिवाळीला मी ते मनात पुढे ढकलत होते.

हिरोशिमाचं संग्रहालय पाहिलं. त्यावर मी इथे लिहिणार नाही. त्या दिवशी आम्ही तिघंही रात्रीपर्यंत फारसं बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी मियाजिमा बेटावर गेलो. तिथली जेआरची बोटसुद्धा पासात येते. पण त्याच ऑक्टोबरपासून बेटावर येणाऱ्या प्रत्येकाला 100 येन कर लागू झाला होता, तो पासवाल्यांनाही वेगळा द्यावा लागतो. हे म्हणाले, "चला, एक तरी गोष्ट तिघांना सारखी!" तेव्हा पहिल्यांदा तिघं हसलो. समुद्रात उभं असलेलं ते मोठं लाल तोरण बघत बाकावर बसलो होतो. हे आपणहून म्हणाले, "माझे पणजोबा साताऱ्याकडून सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत बडोद्याला कारकून म्हणून आले, ते पण दोन वर्षांसाठीच. घरी पत्र लिहिलं होतं म्हणे, बदलीची सोय झाली की परत येतो. सव्वाशे वर्षं झाली."

लेक म्हणाली, "म्हणजे तुम्ही रागावला नाहीत?"

"राग कसला? काम आहे तिथे माणूस राहणार. फक्त आईला दोन दिवस दे."

दोन दिवसांत काही जमलं नाही मला, खरं सांगते. ती कामावर गेली आणि उरलेले दिवस आम्ही दोघंच पास वसूल करत फिरलो. उत्सुनोमियापर्यंत शिंकानसेन आणि पुढे छोट्या गाडीने निक्को, तिथली लाल-पिवळी झाडं. एका दुपारी ह्यांनी यामानोते लाईनची तोक्योभोवतीची पूर्ण फेरी मारली. तासाभराची फेरी, कुठेही उतरले नाहीत. त्या गाडीत ऑफिसला जाणाऱ्या मुली उभ्याने डुलक्या घेत होत्या. माझी पण रोज अशीच जात असेल, असं मनात येत राहिलं.

तिथेच मला एक जुनी गोष्ट आठवली. लेकीला पहिली नोकरी लागली तेव्हा ह्यांच्या पासावरून तिचं नाव कमी झालं, कारण ती आता वडिलांवर अवलंबून नव्हती. ह्यांनी ऑफिसात तो फॉर्म भरून दिला आणि येताना पेढे घेऊन आले. रावपुऱ्यातल्या सगळ्या नातेवाइकांकडे ते पेढे गेले. पासावर नाव नसणं ही त्या दिवशी आमच्या घरात आनंदाची बातमी होती. संध्याकाळी ती घरी आल्यावर मी तिला एवढंच विचारलं, "त्या अर्जाला कोणकोणते कागद लागतात?" ती माझ्याकडे बघतच राहिली आणि मग टेबलावर यादी काढून बसली. जन्माचा दाखला बडोद्याच्या घरी कपाटात होता. परत आल्यावर तो मीच शोधून, कुरिअरने पाठवला.

आपण सगळी अशीच तर घरं आहोत. कोणाचे आजोबा ग्वाल्हेरला आले, कोणाचे हैदराबादला. सातारा आमचं 'गाव' आहे आणि बडोदं घर. लेकीचं आता बडोदं गाव होईल. मला त्याचं वाईट वाटतं, अजूनही वाटतं. पण ते तिला थांबवण्याइतकं मोठं नाही.

आता ज्यांची मुलं तिकडे आहेत त्यांच्यासाठी कामाचं सांगते. नव्या किमतीत डोळे मिटून पास घेऊ नका. 2023 मध्ये तोक्यो-हिरोशिमा जाऊन-येऊन 38 हजारांच्या आसपास होत होतं, तेवढंच फिरायचं असेल तर 50 हजारांचा पास परवडत नव्हता. आधी कागदावर बेरीज करा, एकाच भागात फिरणार असाल तर त्या भागाचे छोटे पास बघा. 160 सेंटीमीटरपेक्षा मोठी बॅग (लांबी, रुंदी, उंचीची बेरीज) असेल तर तोक्यो-ओसाका मार्गावर तशी सीट आधी राखून ठेवावी लागते. मेट्रोसाठी वेगळे पैसे ठेवा. आणि मुलगा किंवा मुलगी बरोबर येणार असेल तर त्यांचं तिकीट तुम्ही काढा. नको म्हणतील, तरी काढा.