चाखून कळत नाही

संपादकांचा फोन आला : "घरातलं आइस्क्रीम खराब झालंय हे कसं ओळखायचं, तेवढं लिहा. सोपं लिहा, मायक्रॉन-बियक्रॉन नको." ठीक आहे, बघतो.

डेअरीच्या प्रयोगशाळेत उमेदीची वर्षं गेली, तरी लोकांचं एक समीकरण काही मोडता आलं नाही. बर्फाची कचकच लागली की खराब, मऊ लागलं की चांगलं. दोन्ही चूक.

उणे 18 अंशांलाही आइस्क्रीममधलं सगळं पाणी गोठलेलं नसतं; साखर ते गोठू देत नाही. तापमान जरा चढलं की बारीक स्फटिक आधी वितळतात आणि पुन्हा गारठा आला की ते पाणी मोठ्या स्फटिकांवर जाऊन बसतं. स्फटिक साधारण 50 मायक्रॉनच्या पुढे गेले (आलाच शेवटी मायक्रॉन!) की जिभेला कळतात. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये दार न उघडताही हे घडतं, कारण साचलेला बर्फ काढायला आतला हीटर अधूनमधून चालू होतो. यात जंतूंचा काही संबंध नाही. मजा गेली एवढंच. मिल्कशेक करून संपवा.

स्फटिकांची ही वाढ रोखायलाच आम्ही स्टॅबिलायझर घालतो. डब्यावर '412' दिसलं की लोक मला फोटो पाठवतात, "सर, हे कसलं केमिकल?" अहो, ते ग्वार गम. आपण जिची भाजी करतो, त्याच गवारीच्या बियांतून निघतं. तेही चिमूटभरच असतं आणि पाणी धरून ठेवतं. मग हेच लोक 'नो केमिकल' आइस्क्रीम आणतात आणि आठवड्याने खडे झाले म्हणून कंपनीला शिव्या घालतात. या विषयावर मी लग्नाच्या पंगतीतही भांडलो आहे.

खरी भीती वेगळीच आहे. गेल्या पावसाळ्यात आमच्या इमारतीची लाइट रात्रभर गेली होती. दुसऱ्या दिवशी शेजारची सूनबाई पुन्हा गोठलेला फॅमिली पॅक घेऊन आली. "काका, वास नाही, आंबटही नाही. चाखून सांगा ना." चाखून कोणालाच सांगता येत नाही, म्हटलं, तर तिला ती टाळाटाळ वाटली. ते अजून मनात आहे. गोठवल्याने सगळे जंतू मरत नाहीत, बरेचसे नुसते थांबतात. स्टॅफिलोकोकसचं विष एकदा तयार झालं की फ्रीझरमध्ये ते नाहीसं होत नाही. लिस्टिरिया तर फ्रिजच्या थंडीतही वाढतो. अमेरिकेत 2015 साली उघडकीस आलेल्या, ब्लू बेल कंपनीच्या आइस्क्रीमशी जोडलेल्या लिस्टिरियाच्या साथीत 10 जण आजारी पडले, त्यातले 3 दगावले.

चव दगा देते, पण डबा बोलतो. झाकणाच्या खाचेत चिकट पाक वाळलेला, आइस्क्रीम कडा सोडून खाली बसलेलं, तळाशी हवा निघून गेलेला घट्ट थर, असं दिसलं तर ते वितळून पुन्हा गोठलंय असं समजा.

फ्रिजवरचे पाच तारे वीज किती वाचते ते सांगतात, थंडी किती ते नाही. शे-दोनशे रुपयांचा थर्मामीटर फ्रीझरमध्ये ठेवा, काटा उणे 18 वर हवा. डबा दाराच्या कप्प्यात नको, मागे ठेवा. चाटलेला चमचा परत डब्यात घालू नका. आणि लाइट जाऊन आइस्क्रीम पातळ झालं असेल, ते किती वेळ तसं होतं हे माहीत नसेल, तर सरळ फेकून द्या. कितीला आणलं होतं ते आठवत बसू नका.