मंडळीच्या वह्या

आज उपासनेनंतर मंडळीच्या जुन्या वह्या उन्हात ठेवल्या. कसरीने कडा खाल्ल्यात, शाई मात्र अजून काळी आहे. बाप्तिस्मे, लग्नं, दफनं. अमेरिकन मराठी मिशन १८३१ मध्ये नगरला आलं, १८४२ मध्ये इथूनच ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघू लागलं, मिशनच्या सिंथिया फरार यांनी मुलींच्या शाळा चालवल्या. हे सगळं छापलेलं आहे, कुणालाही मिळेल. पण कोणत्या वाडीतून कोण बाई लेकरं घेऊन बाप्तिस्म्याला आली, ते फक्त या वह्यांत आहे. म्हणून आधी पानापानाचे फोटो काढायचे, मग मोडीतल्या नोंदी जाणकारांकडून वाचून घ्यायच्या.

नोंदींत पूर्वीची जातही लिहिलेली आहे. ती सगळ्यांसमोर मांडावी का? इतिहास म्हणून ती पुसू नये असं मला ठाम वाटतं, पण आज हयात असलेल्यांच्या घरापर्यंत नेणारी पानं त्यांना विचारल्याशिवाय दाखवायची नाहीत.

आणि गाणी! नारायण वामन टिळकांची पदं ‘उपासना संगीत’मध्ये मिळतात, आमच्या म्हाताऱ्या बायका ती ज्या चालीत, ज्या ठेक्यावर म्हणतात, ते पुस्तकात कुठून येणार? टाळ-झांजांसकट ते ध्वनिमुद्रित व्हायला हवं, आणि वह्यांच्याही आधी. कागद अजून काही वर्षं तग धरेल.

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांना सांगून तरुण संघाच्या मुलांना फोन घेऊन आजींच्या घरी पाठवते.